घडी न मोडलेली घोंगडी

न्हाई गुरुजी, चहासाठी न्हाई. चहासाठी मानूस मरत न्हाई. घरात चहा नसला तर मानूस शेजाऱ्याकडं जातो, न्हाईतर तसाच रानात जातो. बंदूक घेऊन राजाफुडं हुबा ऱ्हात न्हाई.

शेडगे गुरुजी हितं न्हाईत, मला ठावं हाय. काल पारावर बोलले आन् मी तोंड उघडायच्या आत यष्टी धरून तालुक्याला गेले. म्हनून आता तुमी पंचायतीतली मानसं ऐका. ओढ्यापल्याडची वस्ती म्हनतीया, आमचा एक मानूस पंचायतीत घ्या, न्हाईतर आमाला वेगळं करा. त्येच्यावर गुरुजी म्हनले, "एका रक्ताची माणसं, पाणीपट्टी वाढली म्हणून फुटायला निघाली. जगात असंच चालतं. अमेरिकेत जाऊन राहिलेले लोक विलायतेचेच होते. देव तोच, भाषा तीच, राजा तोच. चहावरच्या करापायी उलटले. आणि गंमत बघा, त्या वेळी चहा उलट स्वस्त झाला होता! स्वस्तातला चहा समुद्रात ओतला त्यांनी. याला माज म्हणतात."

आन् समदे हसले. तुमी बी हसला. मी बघितलं.

मला अमेरिका ठावं न्हाई. मी शाळेत टिकलो न्हाई, त्ये बी तुमाला ठावं हाय. पन स्वस्त झाल्याली चीज मानूस फेकून देतो, तवा त्यो माजलाय का त्येला काय कळलंय, एवढं मला समजतं. लहानपनी ऐकल्याली एक गोष्ट हाय. गप बसून ऐका.

एकदा एका खिंडीच्या पल्याड एक वाडी व्हती. खिंडीच्या अल्याड मोठं गाव. वाडीतली मानसं मूळची गावातलीच. गावात जमीन पुरंना झाली तवा थोरल्यांनी धाकट्या भावांना सांगितलं, पल्याड रान पडलंय, त्ये फोडा आन् तितंच ऱ्हावा. निघताना गावानं बैलं दिली, बियानं दिलं, देव्हाऱ्यातला देवाचा एक टाक दिला. आन् एक काळी घोंगडी दिली.

त्या घोंगडीचं नीट सांगतो. गावाची रीत अशी, की गावकी बसली म्हंजी हरेक भावकीनं आपली घोंगडी अंथरायची. ज्येची घोंगडी अंथरली त्येनं बोलायचं. ज्येची न्हाई त्येनं ऐकायचं. मूळ पुरुषानं घोंगडी देताना म्हनलं व्हतं, "लांब चाललाय, पन गावकीला येत जावा. ही अंथरत जावा. तुमची जागा ऱ्हाईल."

शबूद चांगला व्हता. पन शबूद देनारा मेला, त्येची पोरं मेली, आन् पाटलाचं घर वाढलं. वाडीच्या जागंवर पाटलाच्या नातवांच्या घोंगड्या पडल्या. कुनी मुद्दाम ढकललं न्हाई. मानसं निस्ती पसरत गेली.

वाडीत एक म्हातारा व्हता. समदे त्येला आबा म्हनायचे. त्येच्या हाताखाली एक चेला. चेला म्हंजी पोथी वाचनारा न्हवं. बायकू-पोरीचा धनी, नाकावर राग असल्याला गडी. आबा त्येला जमीन शिकवायचा. मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आन् खाली टाकायचा. गोळा तसाच चिकटून बसला तर वल लई हाय. गोळा झालाच न्हाई तर वल न्हाईच. आन् पडल्या-पडल्या फुटून मोकळा झाला, म्हंजी वाफसा आला. वाफसा आला की पेरायचं. त्यो कुनासाठी थांबत न्हाई. आज हाय, परवा वरनं पावसाची झड लागली की गेला.

पन वाडीला पेरता येत नव्हतं. गावाची दुसरी रीत अशी, की पेरनीची पयली तिफन गावात हलायची. मानाची तिफन. ती हलली, हलगी वाजली, जासूद खिंड चढून वाडीत आला, की मग वाडीनं पेरायचं. आता देवाची करनी बघा. पाऊस यायचा वाडीच्या अंगानं. वाडी भिजायची तवा गावात धूळ उडत असायची. वाडीत वाफसा यायचा आन् जायचा. गावात पाऊस पडायचा, तिफन हलायची, हलगी वाजायची. जासूद वाडीत पोचायचा तवा वाडीची मानसं चिखलात बसून आभाळाकडं बघत असायची.

मग कसली तरी पेरनी, कसलं तरी पीक.

तरी वाडी गप व्हती. कारन एकदा वाडीवर दरोडा पडला तवा गाव भाले घेऊन धावून आलं व्हतं. गावाची मानसं पडली त्येच्यात. वाडी त्ये विसरली न्हाई. त्येच्यानंतर गावानं खिंडीत राखनदार बसवलं आन् त्येंची भाकरी वाडीवर लावली. वाडीनं दिली. फुडं दरोडेखोर संपले, राखनदार ऱ्हायले. आदी त्येंची तोंडं बाहीरच्या रानाकडं असायची. मग हळूहळू वाडीकडं झाली.

एका साली आबा चेल्याला म्हनला, "चल, गावकीला जाऊ. घोंगडी घे."

चेल्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. खिंड चढले, उतरले. देवळाफुडं गावकी बसल्याली. घोंगडीला घोंगडी लागल्याली, मधी बोट घालाय जागा न्हाई. दोघं कडंला दगडावर हुबं ऱ्हायलं.

पाटील वयानं लहान, नात्यानं आबाचा पुतन्या. हसून म्हनला, "या, काका! घोंगडी उनात घालाय आनली व्हय?"

लोक हसले. पाटील वंगाळ मानूस नव्हता. हसरा व्हता, एवढंच.

आबा म्हनला, "अंथरायला आनलीया, पाटील. आमची जागा हितं व्हती. वाईच सरकाय सांगा."

"आवं काका, कशाला सरकायचं? आमी बसलो म्हंजी तुमीच बसला की! रगात एक, देव एक. आमाला कळतंय त्ये तुमचंच कळतंय."

"आमच्याकडं पाऊस आदी येतो. त्ये हितं बसून कळत न्हाई."

"पाऊस पाऊसच असतो, काका."

"तसं नसतं."

"बरं, बरं. आमी ध्यानात ठिवतो." आन् पाटील दुसऱ्याकडं वळला. तितं देवळाच्या कळसाचं बोलनं चाललं व्हतं.

चेला तापला. म्हनला, "आबा, सोडा मला. त्येच्या मांडीवर अंथरून येतो."

आबानं त्येचं मनगाट धरलं. "आज न्हाई."

"मग कवा?"

"अजून सांगून बघू."

घोंगडी जशी गेली तशी माघारी आली. घडीच मोडली न्हाई. घरी आल्यावर आबानं ती झटाकली, आढ्याला टांगली. चेला म्हनला, "न अंथरल्याली घोंगडी काय झटकताय?"

त्या साली वाफसा आला. झकास आला. चेल्यानं गोळा टाकला, गोळा फुलावानी फुटला. त्यो जासुदाची वाट बघत खिंडीच्या तोंडाला जाऊन बसला. राखनदार त्येला म्हनले, "काय रं, सासरवाडीची वाट बघतोय का?" वर आभाळ परत भरून आलं. झड लागली ती हटंना. जासूद आला तवा वाडीतली बैलं पोटापत्तोर चिखलात जात व्हती.

त्या साली बाजरी कनसात भरलीच न्हाई. हिवाळ्यात वाडीनं बियान्यासाठी ठेवल्यालं बी खाल्लं. चेल्याची पोरगी रांगायच्या वयाची व्हती. आईला दूध उतरंना. पोरगी आदी लई रडायची. मग रडायची बंद झाली, तवा चेल्याला वाटलं बरं वाटाय लागलंय. बरं वाटाय लागलं नव्हतं.

आबानं तिला त्याच काळ्या घोंगडीत गुंडाळून खड्ड्यापत्तोर नेलं. घोंगडी तेवढी माघारी आनली. ती आनावी लागली, वाडीची व्हती.

त्येच्यानंतर वाडीनं राखनदारांची भाकरी बंद केली. कुनी सांगितलं न्हाई, ठरवलं न्हाई. बायकांनी थापल्याच न्हाईत. ही बातमी गावात गेली. पाटील घाबरला म्हना, न्हाईतर त्येला दया आली म्हना. फुडच्या पावसाळ्याच्या तोंडाला खिंडीतनं बैलं उतरली. पाठीवर गोनी. बाजरीचं बियानं, टपोरं, निवडल्यालं. संगं जासूद. त्यो म्हनला, "पाटलांनी सांगितलंय, झालं गेलं इसरा. राखनदारांची भाकरी माफ. बियानं फुकाट. काय द्याय लागायचं न्हाई. फकस्त मानाची तिफन हलली की पेरा. रीत तेवढी संबाळा."

वाडी रडली. खरंच रडली. चेल्याची बायकू परत गरवार व्हती. चेला म्होरं धावला, गोनीची दोरी सोडली, हात आत घातला.

आबानं त्येचा हात धरला.

म्हाताऱ्यानं गोनीतलं मूठभर बी घेतलं. वास घेतला. म्हनला, "चांगलं हाय." मग त्ये बी परत गोनीत टाकलं. चेल्याच्या हातनं खाली सांडल्याले दाने गुडघ्यावर बसून येचले. एक-एक उचलला आन् परत गोनीत टाकला. दोरी बांधली. मग शेतात गेला, मूठभर माती घेऊन आला. दाबून गोळा केला, खाली टाकला. गोळा फुटला. त्येनं दुसरा गोळा केला आन् त्यो जासुदाच्या हातात दिला. बैलांची तोंडं खिंडीकडं फिरवली.

"पाटलाला एवढं दे. म्हनावं, वाडीनं पाठवलंय."

जासूद बघतच ऱ्हायला. वाडीवाले वरडाय लागले. आन् चेला? ज्यो चेला 'सोडा मला' म्हनत व्हता त्योच आबाच्या अंगावर गेला.

"डोस्कं फिरलं का म्हाताऱ्या? मी भांडाय निघालो तवा मला धरलंस! आता फुकाट बियानं आलंय तर माघारी धाडतोस? माझी एक पोर गेली! तुझं काय गेलंय?"

आबा खाली बसला. मग म्हनला, "लेका, तुझी पोर मी मातीत ठेवली. मला ठावं हाय काय गेलंय. आता ऐक. गावानं मागितलं तवा आपन दिलं. त्येच्यानं आपन मेलो न्हाई. आज गाव देतंय. त्येच्यानं आपन जगनार न्हाई. मागायचं तितंच ठरलं आन् द्यायचं बी तितंच ठरलं. आज माफ केलं त्ये उद्या परत लावतील, आन् त्ये बी तितंच ठरंल. ह्या गोनीत बियानं हाय, पन वाफसा न्हाई. वाफसा त्येंच्यापाशीच ऱ्हायला. ही गोनी उतरून घेतली, की आपन आपल्या तोंडानं म्हनलो, आमची माती कवा पिकायची त्ये तुमी ठरवा. मग तुझं दुसरं पोर बी त्येंच्या हलगीची वाट बघत बसंल."

चेला म्हनला, "मग त्यो मातीचा गोळा कशाला धाडला?"

"पाटलाला कळावं म्हनून. पन त्येला कळायचं न्हाई. ही माती खिंड चढून उनातनं जाईल, तितं पोचंल तवा ढेकूळ झाल्याली आसंल. पाटील हातात घेईल आन् म्हनंल, बघा, कोरडीच हाय की. त्यो लबाड न्हाई, लेका. आपली माती त्येच्या हातात कायम ढेकूळ होऊनच पोचती. म्हनून तर आपली घोंगडी तितं अंथरायला पायजे व्हती. मी लई साल सांगून बघितलं. आता सांगायचं संपलं."

मग त्यो उठला. आढ्याची काळी घोंगडी काढली. वाडीच्या मधी एक ऐनाचं झाड व्हतं, त्येच्याखाली नेली आन् घडी मोडली. वाडीत बोलाय बसन्यासाठी पयल्यांदा. अंथरली. एका बाजूला बसला आन् वाडीला म्हनला, "बसा. आता बोला. पेरायचं का न्हाई?"

लोक हुबेच. घोंगडीवर बसायची सवय नव्हती कुनाला. चेला बसला. मग एकएक करून बाकीचे. बसायला जागा कमी पडली तवा कुनी घरातनं वाकाळ आनली, कुनी गोनपाट.

ज्येच्या घरात जे मूठभर बी उरलं व्हतं, त्ये निघालं. चुलीवर टांगल्याली चार कनसं, मडक्याच्या तळाचं, पाखडून उरल्यालं. तेवढंच पेरलं. वाफशावर पेरलं. मानाची तिफन हलायच्या आदी.

आता तुमाला वाटंल, फुडं पीक डोलाय लागलं. न्हाई. बी कमी, त्ये विरळ उगवलं. आन् कनसं भरायच्या आदी गाव खिंड उतरून आलं, काठ्या घेऊन. भाऊच भावावर आला. कुनाची मावशी पल्याड, कुनाची लेक अल्याड. खिंडीच्या पायथ्याला आबा मधी जाऊन हुबा ऱ्हायला. घोंगडी खांद्यावर. त्येला वाटलं, म्हाताऱ्याला बघून थांबतील. गर्दीत एक काठी त्येच्या डोस्क्यात बसली. मारनारा त्येच्या सख्ख्या बहिनीचा लेक व्हता. कुनाला लागली त्ये बघितल्यावर त्यो काठी टाकून तितंच बसला आन् बायकांवानी रडाय लागला. पन काठी बसायची ती बसून गेल्ती.

त्येच्यानंतर गाव माघारी गेलं. परत आलं न्हाई. वाडी आपली आपन झाली.

हिवाळ्यात वाडीनं रानातली कंदमुळं खाल्ली. काही घरं सोडून गेली. चेल्याचं पोर जगलं. बारीक ऱ्हायलं जलमभर, पन जगलं. आबाचा दिस घालाय गावातनं कुनी आलं न्हाई. रगात एक व्हतं तरी.

गोष्ट हितं संपली असती तर मी तुमाला सांगितली नसती.

लई सालं गेली. वाडी वाढली. गाव झाली. चेला म्हातारा झाला. ऐनाच्या झाडाखाली गावकी बसायची, तवा त्यो मधी बसायचा, त्याच काळ्या घोंगडीवर. तिच्यावर एका कोपऱ्याला डाग व्हता, त्यो धुवून गेला नव्हता. लोक पाया पडायचे तिच्या.

आन् त्या गावाची बी जमीन पुरंना झाली. तवा काही धाकटे ओढ्यापल्याड जाऊन ऱ्हायले.

एके दिवशी गावकी बसल्याली असताना ओढ्यापल्याडचा एक तरना गडी आला. खांद्यावर घोंगडी, घडी घातल्याली. कडंला हुबा ऱ्हायला. म्हनला, "वाईच सरका. आमाला बी अंथरायची हाय."

एकजन हसून म्हनला, "आरं, आमी बसलो म्हंजी तुमीच बसला की!"

लोक हसले. आन् चेला बी हसला. म्हातारा झाल्ता, लोक हसले की हसायची सवय लागली व्हती.

मग त्येचा हात घोंगडीवरच्या डागावर गेला.

त्येचं हसू तोंडावरच वाळलं. त्यो उठला. काठी टेकत काळ्या घोंगडीवरनं उतरला आन् खाली फुफाट्यात बसला. ती घोंगडी तशीच मोकळी सोडली. त्या गड्याला म्हनला, "ये. अंथर."

गडी म्होरं आला. पन एका मानसाच्या उठन्यानं घोंगडीची जागा हुईत न्हाई. शेजारच्यांनी सरकाय पायजे. त्येनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. कुनी हाललं न्हाई. सगळे म्हाताऱ्याकडं बघत बसले. कुनीतरी म्हनलं, "आजाला ऊन लागलं जनू. पानी द्या रं."

गडी तसाच हुबा ऱ्हायला. मग घडी खांद्यावर टाकून माघारी गेला. ओढ्यात उतरंस्तवर त्येची पाठ दिसत व्हती. म्हातारा त्या पाठीकडं बघत व्हता. त्येला तिच्या फुडचं बी दिसत व्हतं. काठ्या दिसत व्हत्या. फकस्त आता कुन्या बाजूनं येनार, एवढंच बदललं व्हतं.

संपली गोष्ट.

तर गुरुजींना एवढं सांगा, की चहा वतनारी मानसं माजली नव्हती. त्येंच्या दारात बी गोनी आल्ती, स्वस्तातली, आन् तिची दोरी तिकडं राजाच्याच हातात व्हती. पानीपट्टीचं बी तसंच. ती उद्या तुमी माफ केली तरी वस्तीवाले गप बसायचे न्हाईत. आन् तुमी म्हनाल, बघा, फुकाट दिलं तरी वरडत्यात.

आपन त्या वाडीचीच मानसं हाव. आपल्या आज्यांनी मार खाल्ला म्हनून आपली ग्रामपंचायत झाली, ह्ये दर सालच्या झेंड्याला भाषनात सांगता. मग आता ओढ्यापल्याडनं कुनी आलं की हसता कशाला?

उद्या ग्रामसभा हाय. वस्तीवाले येनार हायत. मी एकटा उठलो तर जागा हुनार न्हाई.

सरका.